नवे सेल २४ तास चार्जरवर? मुळीच नको

मावशीने रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि चार्जर घेतला. पाकीट फोडायच्या आत फोनवर तो संदेश हजर: 'नवे सेल आधी २४ तास चार्ज करा, मग पूर्ण मरेपर्यंत वापरा. असं तीनदा केलं नाही तर ते कायमचे कमजोर राहतात. वापर नसेल तेव्हा फ्रिजमध्ये ठेवा. जास्त एमएएच म्हणजे जास्त चांगला सेल. १.२ व्होल्टचे सेल १.५ च्या जागी चालत नाहीत.' खाली सही, 'इंजिनिअर मित्राकडून'. या मित्राने चार्जरमागचं लेबल एकदा तरी वाचायचं होतं.

२४ तासांचा हिशेब साधा आहे. चार्जर सेलला २०० मिलिअँपिअर देत असेल तर २४ तासांत ४८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आत ढकलले जातात, आणि सेल २००० चा! चार्जिंगमध्ये काही ऊर्जा वाया जाते, म्हणून क्षमतेपेक्षा जास्त द्यावं लागतं हे खरं. किती जास्त, ते निकेल-मेटल हायड्राइड (एनआय-एमएच), म्हणजे या रिचार्जेबल सेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६१९५१-२ मध्ये, आहे: क्षमतेच्या एक दशांश करंटने १६ तास. म्हणजे ३२०० एमएएच, वाया जाणारं धरून. त्यापुढचं सगळं उष्णतेत जातं. स्मार्ट चार्जर सेल भरताच व्होल्टेजमधली काही मिलिव्होल्टची घसरण ओळखून स्वतः थांबतो. ५०० मिलिअँपिअरला २००० चा सेल साधारण चार-पाच तासांत भरतो. त्याला २४ तास ठेवून काहीच मिळत नाही. धोका आहे तो टायमर नसलेल्या स्वस्त चार्जरचा. तिथे घड्याळ तुम्हीच लावायचं. सेल कोमट झाला तर ठीक, हातात धरवत नसेल तर चार्जर बंद करा.

अर्धं सत्य एवढंच, की बरेच महिने पडून राहिलेला सेल पहिल्या चार्जिंगला पूर्ण क्षमता देत नाही, दोन-तीन फेऱ्यांत सुधारतो. त्याच मानकात क्षमता तपासताना पाच फेऱ्यांपर्यंत मुभा आहे. पण त्या फेऱ्या रोजच्या वापरात आपोआप होतात, त्यासाठी अनुष्ठान मांडायला नको. पहिल्यांदा सगळे सेल एकदा पूर्ण चार्ज करून घ्या, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील. बस.

आता 'पूर्ण मरेपर्यंत'. संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच. तो जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या 'मेमरी'च्या, म्हणजे अर्धवट वापरून चार्ज केला तर सेल तेवढीच क्षमता लक्षात ठेवतो या गोष्टीतून आला आणि चिकटून बसला. तीन सेलची टॉर्च रात्रभर चालू ठेवली तर काय होतं? तिन्ही सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. सगळ्यात दुबळा आधी रिकामा होतो, पण उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग त्याची ध्रुवता उलटते (प्लस-मायनस अदलाबदल होतात), आत वायू तयार होतो, दाब वाढला की सेलची सुरक्षा-झडप उघडते आणि इलेक्ट्रोलाइट बाहेर जातो. ती क्षमता परत येत नाही. पुढे तोच सेल स्मार्ट चार्जरमध्ये घातला की व्होल्टेजच न सापडल्याने चार्जर त्याला नाकारतो, दिवा लुकलुकतो, आणि शिव्या खाते कंपनी. मानकातली चाचणीसुद्धा सेलमागे १.० व्होल्टला थांबते. टॉर्चचा उजेड मंदावला, खेळणं रेंगाळायला लागलं, की सेल काढा. जे एकत्र वापरता ते एकत्रच चार्ज करा. मार्करने संचाचा क्रमांक आणि महिना-वर्ष लिहा. नवा-जुना एकत्र घातला की वरचाच प्रकार होतो.

१.२ व्होल्टचं म्हणाल, तर अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून टाकायचा साधा सेल १.५ ला सुरू होतो खरा, पण वापरात सतत घसरत जातो आणि बराच काळ १.२ च्या आसपास किंवा खालीच असतो. निकेलचा ताजा भरलेला सेल १.४ च्या आसपास असतो आणि मग बहुतेक वेळ १.२ वर टिकून राहतो. काही उपकरणं त्यामुळे 'बॅटरी कमी' असं खोटंच दाखवतात, तेवढं मान्य.

फ्रिज? बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं. कोरडं कपाट पुरे.

जास्त एमएएचचे, म्हणजे २५०० च्या पुढचे डबल ए (नेहमीच्या पेन्सिल आकाराचे) सेल एका चार्जमध्ये जास्त चालतात, पण साधारणपणे कमी फेऱ्या टिकतात. रिमोट-घड्याळाला २००० चे, कमी स्व-विसर्जनाचे, म्हणजे पडून राहिले तरी हळूच उतरणारे सेलच बरे. डबल ए वर ५००० छापलं असेल तर तो आकडा निव्वळ थाप.

आणि जे सांगायला हवं होतं, त्यावर मित्र गप्प. साधा अल्कलाइन सेल या चार्जरमध्ये घालू नका, तो गळतो आणि फुटूही शकतो. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब डबल ए, पण ३.७ व्होल्टचा असतो. तो निकेलच्या चार्जरमध्ये घातला तर आग लागू शकते. वेष्टनावर 'एनआय-एमएच' लिहिलेलं दिसलं तरच सेल खाचेत बसवा.