फोटोवरून कापड कळत नसतं

मंगळवारी रात्री भांडी घासत होते, तर विट्याहून मामीचा फोन. "आपल्या जुकीचं आता काय येईल गं? आनि पिकोचं?" मला वाटलं, जुनं देऊन नवं घ्यायचं असेल. तसं नव्हतं. शिलाईची जुकी आणि पिकोचं, दोन्ही मशिनं विकून धाकटीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, लॅपटॉप घ्यायचा आणि वर कर्ज काढून पंचेचाळीस हजारांच्या कोर्सची फी भरायची, असा बेत ठरला होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं, गुरुवारी मशिनं बघायला येणार होतं. गौरी-गणपती दोन महिन्यांवर, खणाच्या परकर-पोलक्यांच्या ऑर्डरी वहीत लिहिलेल्या, आणि ही बाई मशीन विकायला निघालेली. कशाच्या जोरावर? तर एका व्हॉट्सॲप मेसेजच्या.

तो मेसेज मलाही तोवर चौघांनी पाठवला होता. वाचला, हसले, सोडून दिला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

इमोजी आणि उद्गारचिन्हं काढून त्याचं सार असं: कपड्यांचं डिझाईन करणारी थ्रीडी सॉफ्टवेअरं आली आहेत. कापडाचा मोबाईलवर फोटो काढून टाका, सॉफ्टवेअर कापड ओळखतं आणि पडद्यावर हुबेहूब उभं करतं. नऊवारीसुद्धा एका क्लिकमध्ये नेसवतं. परदेशात सॅम्पल शिवणं कधीच बंद झालं. कटिंग मास्तर, टेलर आणि सॅम्पलचे माग पाच वर्षांत इतिहासजमा होणार. तेव्हा शिलाई मशीन विका, लॅपटॉप घ्या, तीन महिन्यांत शिका आणि घरबसल्या महिना लाख कमवा. खाली अर्थातच एक नंबर.

मी आठ वर्षं हेच काम करते. सांगलीत घरी बसून पडद्यावर कपडे शिवते, त्यावर माझं घर चालतं. म्हणजे सॉफ्टवेअरशी माझं वाकडं असायचं काही कारण नाही. वाकडं आहे ते मेसेजशी, आणि त्यातही फोटोवरून कापड ओळखण्याच्या त्या वाक्याशी.

फोटोत काय येतं? रंग येतो, वीण दिसते, थोडीफार चमक येते. सॉफ्टवेअर ते चित्र कपड्याच्या अंगावर चढवतं, आपण वह्यांना कव्हर घालायचो तसं. पण कापड खांद्यावरून पडेल कसं, झोळ कुठे येईल, चुणी उभी राहील की लोळेल, हे चित्रावर ठरत नाही. त्यासाठी आकडे भरावे लागतात: कापडाचं वजन, जाडी, ओढल्यावर ते किती लांबतं, वाकवल्यावर किती अडतं. ओढणं आणि वाकणंही एकदाच मोजून भागत नाही. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने वेगळं, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेने वेगळं, उरेबात, म्हणजे तिरकं, तिसरंच. यातला एकही आकडा फोटोत नसतो. तो नसला की सॉफ्टवेअर काय करतं? आपल्या तयार यादीतलं एखादं 'कॉटन' उचलतं आणि तुमच्या फोटोच्या आत घालतं. पडद्यावर ते इतकं सुरेख दिसतं की शंकाच येत नाही.

मलाही आली नव्हती. पहिल्या नोकरीत एका जाडसर, खळ दिलेल्या कापडाचा घेरदार स्कर्ट मी यादीतलं मऊ पॉपलीन लावून साहेबांना दाखवला. काय झुळझुळत होता! त्यावरच कटिंग झालं. शिवून आला तर पत्रावळीसारखा ताठ, ठेवला तिथे उभा. फोटो मात्र अगदी खऱ्या कापडाचा होता.

हे फोनवर सांगून मामीला पटेना. "आगं, फोटूत तर धागा न धागा दिसतोय की," हे तिचं पालुपद. मग बुधवारी सकाळी तासगावमार्गे एसटी धरली आणि गेले.

पुढे जे केलं ते कुणालाही घरी करता येईल. मामीच्या कटिंगच्या टेबलावर तीन पट्ट्या कापल्या, प्रत्येक अडीच सेंटिमीटर रुंद, वीस लांब, तिन्ही ताण्याच्या दिशेने. एक मलमलची. एक कोऱ्या खणाची. तिसरी त्याच ठाणातल्या खणाची, पण मामीने अस्तराचं माप बघायला एकदा धुऊन इस्त्री केलेल्या तुकड्यातली. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून एक काटकोन त्रिकोण कापला, आडवी बाजू दहा सेंटिमीटर, उभी आठ पूर्णांक आठ. त्याची तिरकी बाजू साधारण साडेएक्केचाळीस अंशांचा उतार देते. त्रिकोण टेबलाच्या कडेला असा चिकटवला की उतार कडेपासूनच खाली जाईल. मग पट्टी टेबलावर ठेवून वर स्टीलची मोजपट्टी ठेवायची आणि दोन्ही मिळून हळूहळू कडेबाहेर सरकवायचं. पट्टी आपल्याच वजनाने वाकत जाते. तिचं टोक उताराच्या रेषेला टेकलं की थांबायचं, आणि किती बाहेर आली ते वाचायचं.

मलमल साडेतीन सेंटिमीटरला टेकली. कोरा खण सातपर्यंत तग धरून राहिला. धुतलेला साडेपाचला टेकला.

साडेतीन आणि सात म्हणजे फरक दुपटीचा वाटतो. तसा तो नाही. बाहेर आलेल्या लांबीच्या निम्मी ती वाकण्याची लांबी, तिचा घन करायचा आणि कापडाच्या वजनाने गुणायचं, तेव्हा कडकपणा मिळतो. दुपटीचा घन आठपट. राहिलं वजन. दहा बाय दहा सेंटिमीटरचे चौकोन कापले आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर नेले. (विट्यात सोन्याचा काटा शोधावा लागत नाही, अर्धा तालुका गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरलाय.) मलमल शून्य पूर्णांक पासष्ट ग्रॅम, खण एक पूर्णांक तीन. शंभराने गुणलं की झालं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, ६५ आणि १३०. वजनही दुप्पट. म्हणजे खण मलमलीच्या सोळापट ताठ.

पण मामी गप्प झाली ती यामुळे नाही. मलमल आणि खण वेगळे असतात हे तिला मी शिकवायला नकोच. ती गप्प झाली तिसऱ्या पट्टीमुळे. कोऱ्या आणि धुतलेल्या खणाचे तिच्याच मोबाईलवर शेजारी शेजारी फोटो काढले. तोच जांभळा, तीच बुट्टी, तोच काठ. कुठला कुठला, तिलाही सांगता येईना. आकडा मात्र सातावरून साडेपाचावर आलेला, म्हणजे घनाने बघितलं तर ताठपणा जवळजवळ निम्म्यावर. फोटो एकच आणि परकर दोन तऱ्हेचे. सॉफ्टवेअरने यातला कुठला 'ओळखायचा'?

"धुतला की हा लोळतोच की," मामी म्हणाली. "म्हनून तर मी अस्तर आधी पान्यातनं काढून घेते."

आता ही रीत माझ्या डोक्यातली आहे असं कुणी म्हणेल, म्हणून सांगते. एफ. टी. पीअर्स नावाच्या माणसाने मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ती बसवली आणि १९३० साली जर्नल ऑफ द टेक्स्टाईल इन्स्टिट्यूटमध्ये निबंध लिहून मांडली. हाताला कापड कसं लागतं हेही मोजता येतं, हेच त्या निबंधाचं म्हणणं. कापड तपासणीच्या अमेरिकी मानकात, एएसटीएम डी१३८८ मध्ये, आजही हीच पट्टी आणि हाच साडेएक्केचाळीसचा उतार आहे. पुढे जपानात कावाबातांनी १९७०च्या दशकात ओढणं, वाकणं, दाबणं आणि पृष्ठभागाचं घर्षण मोजणारी यंत्रं बसवली. आजची महागडी सॉफ्टवेअरं कापडाची जी माहिती मागतात, तिची मुळं इथे आहेत. म्हणजे जवळपास शंभर वर्षं या धंद्यातली शहाणी माणसं कापड मोजत आली आहेत. फोटो काढून मोकळं होण्याची आयडिया फक्त या मेसेजवाल्याला सुचली.

नऊवारीचं काय सांगू. पडद्यावरचं कापड म्हणजे बारीक त्रिकोणांची जाळी असते. 'क्लो' या कोरियन सॉफ्टवेअरमध्ये त्या जाळीच्या बिंदूंमधलं अंतर सुरुवातीला २० मिलिमीटर असतं. वीस मिलिमीटरच्या त्रिकोणात सहा मिलिमीटरची घडी कशी पडणार? अंतर पाचावर आणलं तर त्रिकोण सोळापट वाढतात, आणि कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा वाजायला लागतो. तरी हे सोपं. खरी पंचाईत कापड कापडावर येतं तेव्हा होते, कारण कुठला थर वर आणि कुठला खाली याचा हिशेब क्षणोक्षणी ठेवावा लागतो. नऊवारीत ओचा, निऱ्या, कासोटा, पदर, थरांवर थर. मी एकदा हौसेने बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कासोटा मांडीतून आरपार गेला आणि निऱ्या पोटात. एका क्लिकवर नेसवणाऱ्याने मला फक्त एकदा करून दाखवावं, कोर्सची फी मी भरते.

बाकीचे मुद्दे झटपट उरकते.

'टेलर, कटिंग मास्तर संपले.' पडद्यावर कपडा उभा राहतो तो पॅटर्नवर. पुढा, पाठ, बाही आधी सपाट आखायची, मग कुठली कड कुठल्या कडेला शिवायची ते एकेक जोडून सांगायचं. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा ठेवून जिरवायचा असतो, हे ज्याच्या हाताला माहीत नाही त्याची बाही पडद्यावरही ओढतेच. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मामीच्या दुकानात सुट्टीत काजं-बटणं केली त्याचा. तिथेच मशीन विकायचं म्हणजे विहीर बुजवून मोटार बसवायची.

'सॅम्पलचे माग बंद पडणार.' सुताचा नंबर, फणी (उभे धागे किती दाट) आणि पिक (आडवे किती दाट) भरले की विणीचं चित्र पडद्यावर छान येतं, मान्य. पण मागावरून उतरतं ते खळीतलं ग्रे, म्हणजे कोरं कापड. धुलाई-रंगाईच्या प्रोसेसला जाऊन आलं की ते आकसतं, मऊ होतं, त्याचे आकडे बदलतात. नवं कापड मोजायचं तर आधी चार मीटर विणावंच लागेल, आणि ते विट्यात, माधवनगरात नाहीतर इचलकरंजीत कुणीतरी मागच चालवून विणेल. रंगाचं तर बोलूच नका. साडी घेताना आपल्या बायका दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघतात ते काही हौस म्हणून नाही. ट्यूबलाईटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटतात. मोबाईलच्या पडद्यावर तर प्रत्येकाचा मोरपंखी वेगळा.

'महिना लाख.' यावर शाई घालवत नाही. तीन महिन्यांत बटणं कुठे आहेत ते कळतं.

राहिला 'परदेशात सॅम्पल बंद' हा मुद्दा, आणि इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. बंद नाही, पण कमी झाली आहेत, आणि चांगलीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुरिअर थांबले तेव्हा अनेक ब्रँडांना पडद्यावरच बघून ठरवणं भाग पडलं, आणि नंतर ती सवय राहिली. पूर्वी एका शर्टाचे पाच रंग म्हणजे पाच सॅम्पल, आता एक शिवतात आणि चार पडद्यावर बघतात. चेक्स जुळतात का, छापा छातीवर कुठे येतो, दोन इंच उंची कमी केली तर कसं दिसेल, हे कापड न कापता मिनिटांत कळतं. वाचलेलं कापड खरंच वाचतं. पण पहिले दोन-तीन प्रोटो, म्हणजे कच्चे नमुने, गेले म्हणून उत्पादनाआधीचा शेवटचा पीपी (प्री-प्रॉडक्शन) सॅम्पल गेला नाही. तो खऱ्या कापडात, खऱ्या मशीनवर शिवला जातो, माणसाच्या अंगावर घालून बघतात, आणि मगच उत्पादनाला हात लावतात. माझ्या आठ वर्षांत एकही ऑर्डर त्याशिवाय सुटलेली मी बघितली नाही.

धाकटीने शिकूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. शिकावं. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कापडाचं सिम्युलेशन आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर सहा महिने हात मारू दे. आणि खरंच गोडी लागली तर इचलकरंजीत डीकेटीईसारखी वस्त्रोद्योग शिकवणारी संस्था आहे, तिथे जाऊन चौकशी करावी. पंचेचाळीस हजार त्या मेसेजखालच्या नंबरला कशाला?

संध्याकाळी मामीने गिऱ्हाईकाला फोन लावला. मला वाटलं स्पष्ट नाही म्हणेल. ती म्हणाली, "दिवाळीनंतर बघू." ठीक आहे, दिवाळी तर दिवाळी.

धाकटी तोवर माझ्या लॅपटॉपवर खणाचे आकडे भरत बसली होती. वजन भरलं, ताणा भरला, मग मी आडवी पट्टी मोजून दिली, बाणा भरला. पुढचा रकाना रिकामा होता. मामी हातशिलाई करत मागून बघत होती. उठली, कात्री घेतली, खणाचा उरलेला कोपरा दुमडून घडीवर नुसती बोटं फिरवली आणि मोजपट्टी न लावता एक तिरकी पट्टी कापून टेबलावर टाकली.

"उरेबातली राहिली की गं," म्हणाली, "ती कोन मोजनार?"