८० मोठे की ४०? बोएल्केबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पहिल्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या जर्मन लढाऊ विमानांवरच्या माझ्या लेखात ४० विमानं पाडणाऱ्या ओस्वाल्ड बोएल्केला निम्मी जागा मिळाली आणि ८० पाडणाऱ्या मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनला, त्याच्या लाल तिपंखी विमानासकट, जेमतेम एक परिच्छेद. हा अन्याय आहे, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही.

आधी त्या विमानाचं बघू. रिख्टहोफेनच्या ८० विजयांपैकी फॉकर कंपनीच्या तिपंखी विमानातले जेमतेम वीस. बाकीचे बहुतेक अल्बाट्रॉस या दुपंखी विमानातले. एप्रिल १९१७ या एकाच महिन्यात त्याने २१ विमानं पाडली, तेव्हा तिपंखी आघाडीवर आलंच नव्हतं. आलं त्यानंतर ऑक्टोबरअखेरीस हाइनरिश गोंटरमान या जर्मन वैमानिकाच्या विमानाचा वरचा पंख हवेत मोडला, त्यात तो गेला, आणि दोष सापडेपर्यंत ही विमानं उडवणं थांबवावं लागलं.

आता बोएल्के. १९१५च्या उन्हाळ्यात फॉकरचं एकपंखी आइनडेकर आलं. त्यातली मशीनगन इंजिनाशी अशी जोडलेली होती की पंख्याचं पातं नळीसमोर असताना गोळी सुटायची नाही. त्यामुळे वैमानिक अख्खं विमानच शत्रूवर रोखू लागला. बाकी ते विमान साधंच होतं. सुरुवातीला इंजिन ८० अश्वशक्तीचं, आणि तोल सांभाळायला पंखच पिळावे लागत. तरीही त्याच्या जोरावर बोएल्के आणि माक्स इमेलमान या दोघांना जानेवारी १९१६ मध्ये एकाच दिवशी 'पूर ल मेरीत' हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. तेव्हा प्रत्येकाच्या नावावर आठ विजय होते.

इमेलमान जूनमध्ये मारला गेला. बोएल्केने मात्र स्वतःला जे जमलं ते दुसऱ्याला शिकवता येईल अशा आठ नियमांत बसवलं. सूर्य पाठीशी ठेवा. अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा. हल्ला सुरू केला की तडीस न्या. शत्रूच्या हद्दीत परतीची वाट विसरू नका. चार-सहाच्या गटाने जा, पण एकाच शत्रूमागे अनेकांनी लागू नका. आज हे उघड वाटतं, पण तोवर बरेच जण एकेकटेच शिकारीला निघत. मला बोएल्के मोठा वाटतो तो या कामामुळे.

ऑगस्ट १९१६ मध्ये नव्या तुकडीसाठी माणसं निवडताना पूर्व आघाडीवरून त्याने ज्यांना आणलं, त्यांत रिख्टहोफेन होता. १७ सप्टेंबरला बोएल्केच्या नेतृत्वाखालच्या उड्डाणात रिख्टहोफेनला पहिला अधिकृत विजय मिळाला. तुम्ही ज्या ८०चा दाखला देता, त्यांची मोजणी तिथून सुरू होते.

२८ ऑक्टोबरला बोएल्के आणि त्याचा सहकारी एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश विमानामागे होते. दोघांची विमानं एकमेकांना घासली आणि बोएल्के कोसळला. २१ एप्रिल १९१८ ला रिख्टहोफेन फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात एका विमानाचा पाठलाग करत फार खाली, शत्रूच्या हद्दीत शिरला आणि तिथेच मारला गेला. दोन्ही वेळा मोडलेले नियम बोएल्केच्याच यादीतले आहेत.