दाजी, तीस सेकंद आहेत

आमच्या घरातल्या टीव्हीसमोर बसून मी आजवर काही कोटी रुपये जिंकलो आहे. ३ जुलै २००० ला अमिताभ बच्चन पहिल्यांदा ती खुर्ची पुढे करून बसले, तेव्हापासून हिशेब धरायचा. पद्धत सोपी. पाय सोफ्यावर घ्यायचे, मुठीत खारे दाणे ठेवायचे आणि प्रश्न आला की नुसतं 'हं' म्हणायचं. हे 'हं' असं यायला हवं की गरज पडल्यास त्यातून 'ए'ही काढता यावा आणि 'डी'ही. उत्तर हिरवं झालं की 'म्हटलं ना!' स्पर्धक आपटला की, 'एवढं साधं येत नाही आणि निघाले करोडपती व्हायला.'

या 'हं'च्या जोरावर सासुरवाडीत माझं नाव झालं. सासूबाई तर पाहुण्यांना माझी ओळख करून देताना 'आमचे जावई बँकेत आहेत' हे मागाहून सांगायच्या. आधी 'यांना सगळं येतं.' मी कधी खोडून काढलं नाही. तिथेच चुकलं.

माझा मेहुणा संजू साताऱ्याला असतो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. ऐन पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. "दाजी, निवड झाली बगा! टीव्हीवर जायचंय." कुठल्याशा प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमासाठी त्याने दोन महिने मोबाइलवरून उत्तरं पाठवली होती, एक चाचणी दिली होती, आणि आता साहेब थेट त्या खुर्चीजवळ जाऊन बसणार होते. मी अभिनंदन केलं. मग तो म्हणाला, "तुमचं नाव दिलंय."

"कशाला?"

"अडलो की फोन लावायला. तीन नावं मागितली होती. पहिलं तुमचंच घातलं."

उरलेली दोन कोण, ते मी लगेच विचारून घेतलं. एक त्यांच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही; दुसरा संजूचा चुलतभाऊ, ज्याला नीट ऐकू येतं पण ज्याला काही विचारण्यात अर्थ नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावरच.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. सोफ्यावरचं ज्ञान आणि तीस सेकंदांचं ज्ञान यांत फरक असतो, हे मला एकट्यालाच कळलेलं. बाकी सगळे आनंदात. हिने अर्ध्या तासात तिच्या तिन्ही मावश्यांना कळवलं. शेजारच्या कुलकर्णी काकूंनी आठवण करून दिली की २००० साली पहिला कोटी जिंकणारा हर्षवर्धन नवाथे आपल्या मुंबईचाच, आणि २०१९ साली कोटी नेणाऱ्या बबिता ताडे अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी रांधणाऱ्या. "मग तुम्ही तर काय, बँकेतले!" खिचडी रांधणाऱ्या त्या बाईंनी खुर्चीवर बसून स्वतः उत्तरं दिली होती, मला मात्र सोफ्यावरसुद्धा स्वतःचं उत्तर देण्याची सवय नव्हती, हे काकूंना कसं सांगणार?

मुलाने स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून दिली. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की मी शाळेत घोकलेलं जग आता जाग्यावर राहिलेलं नाही. मी महाराष्ट्राचे सव्वीस जिल्हे पाठ केले होते, एका दमात. पोरगा म्हणाला, "छत्तीस." पालघर २०१४ मध्ये निघाला, वाशीम आणि नंदुरबार १९९८ मध्ये. बरं, जे जुने होते त्यांतल्या काहींची नावं बदललेली. कझाकस्तानची राजधानी माझ्या वेळी आल्मा-आटा होती, म्हणजे तेव्हा तो देशच स्वतंत्र नव्हता. पुस्तकात होतं नूर-सुलतान. ते पाठ करून झाल्यावर मुलाने सांगितलं की पुस्तक जुनं आहे, २०२२ पासून पुन्हा अस्ताना. मी पाठ केलेलं विसरायला बसलो, तर अस्तानाच विसरलो. प्लूटो २००६ सालीच ग्रहमंडळातून बडतर्फ झालेला. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर, ही तरी डोळे मिटून सांगायची गोष्ट. पण नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये पुन्हा मोजून ती ८,८४८.८६ केली. शेंगेतून दाणा निसटावा तसे ८६ सेंटिमीटर माझ्या डोक्यातून रोज निसटायचे.

शनीचं तर विचारू नका. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला एकदम १२८ नवे चंद्र सापडले, एकूण २७४. हे मी हिला पोळ्या लाटताना ऐकवलं तर ही म्हणाली, "एवढा गोतावळा घेऊन फिरतो, म्हणून तर कुणाकडे गेला की साडेसात वर्षं हलत नाही."

मी मात्र हटलो नाही. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. ऑक्टोपसला हृदयं तीन. राज्यफूल ताम्हण, राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, इंजिनं तीन: साहिब, सिंध, सुलतान. आंघोळीला गेलो की दाराबाहेरून हिचा प्रश्न यायचा आणि डोक्याला शांपू लावलेल्या अवस्थेत मी ओरडायचो, "कळसूबाई! १,६४६!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी 'बरोब्बर' म्हणायचं.

वाचता वाचता दोन किस्से हाती लागले. अमेरिकेत १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन कार्पेंटर नावाचा गृहस्थ दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचला आणि त्याने वडिलांना फोन लावला, का, तर 'मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढंच सांगायचं होतं.' मला हा माणूस देवासारखा वाटला. संजूने असाच फोन करावा, मी 'शाब्बास' म्हणावं, संपलं. दुसरा किस्सा इंग्लंडातला. चार्ल्स इन्ग्रॅम हा लष्करातला मेजर २००१ मध्ये दहा लाख पौंडांपर्यंत गेला, पण बरोबर पर्यायाच्या वेळी स्टुडिओत कुणीतरी खोकत होतं असं निघालं, आणि २००३ मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. मला श्रावणात खोकला असतोच. हिने आठवडाभर आल्याचा काढा पाजला.

चित्रीकरणाच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळीच एका मुलीने फोन करून बजावलं: मोबाइल मोकळा ठेवा, जवळ टीव्ही नको, गुगल बघायचं नाही, आणि 'हॅलो'नंतर लगेच मुद्द्यावर या. मी होकार दिला. दहा वाजल्यापासून मोबाइल डायनिंग टेबलावर मधोमध, त्याखाली हिने देवघरातलं वस्त्र घातलेलं. मी बनियनवर होतो, पण ही म्हणाली नीट शर्ट घाला. फोनवर दिसत नाही म्हटलं तर म्हणे, आवाजात कळतं. दुपारी दोनला वाजला. कर्जाची जाहिरात. मी त्या मुलीला सवयीने व्याजदर विचारला. ही कपाळावर हात मारून घेत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी तो फोन आला. सूत्रसंचालकांचा तोच आवाज, जो मी सोफ्यावरून ऐकत आलो होतो. "नमस्कार! आपले मेहुणे इथे समोर बसलेत, प्रश्न एक लाख साठ हजारांचा आहे. पुढचा आवाज त्यांचा, आणि वेळ सुरू होते आता."

"दाजी, तीस सेकंद आहेत. चलनातल्या नव्या नोटांपैकी वेरूळची लेणी कुठल्या नोटेच्या मागं? दहा, वीस, पन्नास, शंभर."

मी एका सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं कॅशवर आहे.

दिवसाला हजारो नोटा माझ्या बोटांखालून जातात. ओल्या स्पंजावर अंगठा टेकवायचा, नोट सरकवायची. फाटकी, चिकटवलेली, शाईने भिजलेली नोट मला न बघता कळते. पण कॅशमध्ये शंभर नोटांचं पाकीट बांधायचा एक रिवाज आहे: सगळ्या नोटा एका बाजूला तोंड करून, गांधीजी वर. कुणाची उलटी आली तर आम्ही ती आधी सुलटी करतो. सत्तावीस वर्षं मी प्रत्येक नोटेची पाठ झाकत आलो होतो.

"नवी की जुनी?" मी विचारलं.

"नवी म्हटलं ना, दाजी! वीस सेकंद!"

मी हिला हाताने खूण केली: नोट, नोट! गुगल बघायचं नाही, पण नोट म्हणजे काही गुगल नव्हे, असा एक युक्तिवाद त्याही स्थितीत मला सुचला होता. ही स्वयंपाकघरात धावली आणि तूरडाळीच्या डब्यातून मुठभर नोटा घेऊन आली. सगळ्या पाचशेच्या. मागे लाल किल्ला. मी मुलाकडे बघितलं. त्याने खिसे उलटे करून दाखवले आणि कुजबुजला, "बाबा, माझ्याकडे कॅश नसतेच, मी सगळं स्कॅन करतो." माझं पाकीट दाराआडच्या पँटमध्ये. मी उठलो, चार्जरची वायर ताणली गेली, मोबाइल वस्त्रासकट घसरला.

"दाजी? दहा सेकंद!"

"हं," मी म्हणालो.

"काय हं?"

"पन्नास असावी. निळी. साठ टक्के..." फोन कट.

मग पँटमधलं पाकीट काढलं. पहिलीच हिरवट पिवळी विसाची नोट. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ती उलटी केली. वेरूळ. डाव्या बाजूच्या भाषांच्या पट्टीत आठव्या ओळीला मराठीत, स्वच्छ: वीस रुपये. पन्नासच्या मागे हंपीचा रथ होता, तो बघायची मग ताकद राहिली नाही.

संजूला आपली शंका होती, म्हणून त्याने दोन पर्याय उडवून घेतले. उरले वीस आणि पन्नास. तो म्हणाला म्हणे, "आमचे दाजी बँकेत आहेत, नोटा त्यांना नाय कळनार तर कुणाला?" आणि पन्नासला कुलूप लावलं. ऐंशी हजार घेऊन उठता आलं असतं, ते दहा हजारांवर आला.

यापुढचा काळ चित्रीकरणापेक्षा वाईट. भाग दाखवेपर्यंत कुणाला निकाल सांगायचा नाही, असं लिहून घेतलेलं. महिनाभर सोसायटी विचारतेय, 'काय, जिंकवलंत ना?' आणि मी गूढ हसतोय. गणपतीत आरतीनंतर सेक्रेटरींनी माझा सत्कारच जाहीर केला, नारळ आणि शाल. शाल अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

भाग लागला तेव्हा आमच्या हॉलमध्ये बावीस माणसं होती. पडद्यावर माझा फोटो आला तो संजूच्या लग्नातला, फेटा एका कानावर उतरलेला. त्याखाली माझा आवाज: 'नवी की जुनी?' मग धाड असा मोबाइल पडल्याचा आवाज. मग 'हं'. कुलकर्णी काकू हळूच म्हणाल्या, "हा ओळखीचा वाटतोय." खारे दाणे कुणीच खाल्ले नाहीत.

भाऊबीजेला संजू आला. त्याच्या मनात काही नव्हतं, उलट म्हणाला, "दाजी, पाच मिंटं टीव्हीवर होतो, दुकानात गिऱ्हाईक वाढलंय." हिने ओवाळलं, आणि त्याने ताम्हणात ओवाळणी ठेवली: बँकेतून आणलेलं विसाच्या कोऱ्या नोटांचं अख्खं पाकीट, लेणी वर करून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाकीट उचललं, अंगठा आपोआप जिभेला लावला आणि एकेक नोट गांधीजींकडे वळवायला लागलो.

"अहो," ही म्हणाली, "राहू द्यात की तशाच."