पाचवे विधान कोणी वाढवले?

मे महिन्यातला अख्खा रविवार, कूलरमध्ये दोनदा पाणी भरून, मी एका कोड्यावर घालवला आणि ते कोडेच चुकीचे निघाले. माझी भाची धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करते. तिच्या क्लासने विकलेल्या प्रश्नसंचात पाच विधाने आहेत : पहिले म्हणते, 'या पाचांपैकी किमान एक विधान असत्य आहे', दुसरे म्हणते किमान दोन, आणि असे चढत पाचवे म्हणते किमान पाच. असत्य विधाने किती? उत्तरसूचीत ठणकावून छापले आहे : दोन.

कशी दोन? असत्य दोनच असतील तर पहिली दोन विधाने खरी ठरतात आणि उरलेली तीन खोटी; म्हणजे असत्य झाली तीन. बरे, तीन धरा, की पहिली तीन खरी होऊन खोटी दोनच उरतात. इथे जितकी असत्य तितकीच सत्य निघावी लागतात, आणि पाचाचे दोन सारखे वाटे ब्रह्मदेवालाही करता यायचे नाहीत. चार विधाने असती तर 'दोन' हे उत्तर चोख होते. म्हणून माझा संशय असा की, कोणीतरी चारांचे कोडे उचलले, पाचवे विधान शेपटीसारखे चिकटवले आणि उत्तराला हातही लावला नाही. निदान 'किमान'च्या जागी 'नेमकी' लिहिले असते तरी निभावले असते : चौथे तेवढे सत्य, बाकीची चार असत्य.

स्वतःबद्दल बोलणाऱ्या विधानांचे मला वावडे नाही. गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये 'मी सिद्ध होऊ शकत नाही' अशा अर्थाचे विधान रचून गणिताच्या पायालाच हात घातला. पण त्याने ती गाठ समजून-उमजून मारली होती, आणि इथे पैसे घेऊन छापणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटेसुद्धा पडताळणी केलेली नाही. क्लासला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "काका, परीक्षेत इतका विचार करायला वेळ नसतो, तिला पर्याय ब लक्षात ठेवायला सांगा."

संताप खरा आला तो नंतर, तिची वही उघडल्यावर. तिने आधी पेन्सिलीने 'उत्तर शक्य नाही' असे लिहिले होते, ते खोडले होते, आणि शेजारी लाल शाईने 'दोन' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.