हुमणी इथे, पैसा तिथे? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एका वाचकाने खरमरीत लिहिलंय. थोडक्यात असं: ‘इथे हुमणीने ऊस पोखरला, त्याला कोणी विचारत नाही, आणि तुम्ही युफ्रेस्कोचं कौतुक करत बसलाय. जी कीड देशात आलेलीच नाही तिच्यावर खर्च म्हणजे परदेशी शास्त्रज्ञांची चंगळ आणि विमानाची तिकिटं.’

तिकिटांबद्दल मी भांडणार नाही. पैशाचा हिशेब मात्र चुकलाय. युफ्रेस्को हे पिकांच्या किडी-रोगांवरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांचं, युरोपातून २००६ साली सुरू झालेलं जाळं, २०१४ पासून पॅरिसच्या ‘एप्पो’ या आंतरराष्ट्रीय पीक-संरक्षण संस्थेच्या छपराखाली. तिथल्या बहुतेक प्रकल्पांत पैसा सीमा ओलांडतच नाही. विषय एकत्र ठरवायचे, काम वाटून घ्यायचं, ज्याने त्याने आपल्याच प्रयोगशाळेचा खर्च करायचा आणि निष्कर्ष सगळ्यांनी वापरायचे. गावाकडच्या सावडीसारखंच, फक्त बैल आपापल्या दावणीला.

आता ‘न आलेली कीड’. माझ्या मावसभावाची पुण्याच्या पूर्वेला दोन एकर पपई होती. २०१० च्या सुमारास देठापाशी कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं, मग फळंच्या फळं पिठात घोळल्यागत. बोटाने चिरडलं की पिवळं पाणी. खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी. पिठ्या ढेकूण. फवारा मारला की मेणावरून ओघळून जायचा. मेक्सिकोकडची ही कीड भारतात पहिल्यांदा सापडली २००८ मध्ये, कोइमतूरला. पण कॅरिबियन बेटांवर ती त्याआधीच धुमाकूळ घालून गेली होती, आणि तिच्या पोटात अंडी घालून तिला मारणाऱ्या तिळाहून लहान माश्या अमेरिकेच्या कृषी खात्याने मेक्सिकोतून शोधून पोर्तो रिकोत वाढवल्या होत्या. त्यातल्या तीन जाती २०१० मध्ये बेंगळुरूला आल्या. शोधाशोध आपण शून्यापासून करायला बसलो असतो तर किती हंगाम गेले असते? भावाने मात्र तोवर बाग काढून टाकली होती, त्यामुळे त्याला हे सांगायची माझी अजून हिंमत होत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या उपासाच्या ताटातलं. साबुदाणा म्हणजे तमिळनाडूतल्या सेलमकडचा कसावा नावाचा कंद. त्याचा पिठ्या ढेकूण सत्तरच्या दशकात आफ्रिकेत शिरला आणि कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं. त्याचं मूळ १९८१ मध्ये पराग्वेत सापडलं. तिथली, या ढेकणाला मारणारी अशीच माशी आधी इंग्लंडात क्वारंटाइनमध्ये ठेवली, मग नायजेरियातल्या इबादानला नेऊन वाढवली. पैसा बऱ्याच देशांनी मिळून घातलेला. हे काम उभं करणारे स्विस शास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा भारतात ही कीड नव्हती. २०२० मध्ये केरळात सापडली, पुढे तमिळनाडूत पसरली. २०२१ मध्ये बेनिनहून तीच माशी आणली आणि २०२२ मध्ये सेलम भागात सोडली. चाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी ‘आपल्याकडे नसलेल्या’ किडीवर पैसे घातले होते.

तुमचं खरं बोट दुसरीकडे आहे, आणि ते बरोबर जागी आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. विषय ठरवायला जे बसतात त्यांची पिकं आधी. गरीब देशाने आपला वाटा ‘श्रमदानातून’ द्यायचा म्हटलं तरी प्रयोगशाळेला वीज आणि माणसाला पगार लागतोच, आणि तो नसेल तर त्याला त्या टेबलाशी खुर्ची मिळते ती नावापुरती. आपल्या उसातल्या हुमणीचं तर आणखी अवघड. ती इथलीच, तिचा मूळ शत्रू शोधायला पराग्वेला जाऊन काय मिळणार? तिच्यासाठी बाहेरून कोणी पैसा घेऊन येणार नाही. तो पुण्या-मुंबईतच मागावा लागेल. मागायला जाल तेव्हा मलाही हाक मारा. बेनिनच्या माशीवर मात्र राग काढू नका, तिचं भाडं आपण भरलेलंच नाही.