टेस्ला वाढला की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय.

एमआरआयमधल्या सुधारणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की खरी सुधारणा एकच, मॅग्नेट तगडा झाला, ०.५ वरून १.५ आणि तिथून ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे मॅग्नेटच्या ताकदीचं माप), बाकी कॉइल (शरीरातून येणारा सिग्नल पकडणारी तारेची वेटोळी) आणि गणित हा कंपन्यांचा मसाला. शिवाय आईंच्या कमरेत स्क्रू-रॉड आहेत म्हणून तुम्ही हट्टाने जास्त पैसे भरून त्यांना ३ टेस्लावर नेलंत, त्या पाऊण तास आत पडून होत्या आणि रिपोर्टात काय, तर स्क्रूच्या आसपासचं नीट दिसत नाही. ‘कुठाय तुमची सुधारणा?’ वैताग समजू शकतो. पण सर, हे उदाहरण तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातंय.

मशीनला सिग्नल कुठून आला ते कळतं फ्रिक्वेन्सीवरून. धातूच्या आसपास क्षेत्र वाकडं होतं, फ्रिक्वेन्सी बिघडते आणि सिग्नल भलत्याच जागी जाऊन बसतो, म्हणून स्क्रूच्या जागी काळा डाग आणि त्याच्या कडेला पांढरी झगमग. हा बिघाड टेस्लाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १.५ वर जेवढा त्याच्या साधारण दुप्पट ३ वर. आम्ही कन्सोलवर बसणारे लोक स्क्रूवाला पेशंट आला की शक्यतो १.५ वरच घेतो. आणि या डागावर जो इलाज निघाला तो मॅग्नेटमधून नाही निघाला, २००९ मध्ये सेमॅक आणि मॅव्हरिक नावाच्या दोन पद्धती आल्या, दोन्ही म्हणजे सिग्नल किती भरकटलाय ते वेगळं मोजून त्याला परत जागेवर आणून बसवायचं, म्हणजे तुमचा तो मसाला. अडचण एवढीच की या मोजमापाला वेळ फार लागतो, आणि तो वेळ आवाक्यात आला तो कॉइलमुळे.

आता कॉइल. तुम्ही वीज मंडळात आयुष्य काढलंत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एक मोठी कॉइल अख्ख्या पोटाभोवती लावली की ती सिग्नलबरोबर अख्ख्या पोटाचा नॉइजही गोळा करते. कीर्तनाच्या मंडपात एकच माईक मागच्या खांबाला बांधला तर बुवांपेक्षा पोरांची रडारडच जास्त ऐकू येणार, तसं. म्हणून छोटे छोटे लूप अंगाला चिकटून ठेवायचे. पण शेजारशेजारचे लूप एकमेकांत गुंततात, एकातला बदलता करंट दुसऱ्यात करंट उठवतो, म्हणजे म्युच्युअल इंडक्टन्स आलाच. १९९० मध्ये जीई कंपनीच्या रोमर आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: शेजारचे दोन लूप एकमेकांवर बरोब्बर एवढे चढवायचे की त्यांच्यातला म्युच्युअल इंडक्टन्स शून्य होईल, आणि लांबच्यांसाठी प्रीॲम्प्लिफायर (सिग्नल मोठा करणारं सर्किट) असा लावायचा की लूपमध्ये करंट वाहायलाच बघत नाही. मला तर हे मॅग्नेटपेक्षा देखणं वाटतं. तुमच्या आई टेबलवर झोपल्या तेव्हा पाठीखाली गादीत असे बरेच लूप होते, त्यांना पत्ताही नसणार.

गंमत पुढे आहे. हे सगळं केलं होतं सिग्नल वाढवायला. १९९७ मध्ये सोडिक्सन आणि १९९९ मध्ये झुरिकचा प्रूसमन यांनी दाखवलं की प्रत्येक लूपला शरीर थोडं वेगळं दिसतं, म्हणजे जागेची माहिती लूपमध्येच आहे, मशीन चित्राची माहिती ओळीओळीने मोजतं, मग त्यातल्या निम्म्या ओळी मोजल्याच नाहीत तरी गणिताने चित्र पुरं करता येतं. वेळ निम्मा. फुकट नाही, नॉइजच्या तुलनेत सिग्नल साधारण १.४ पटीने पडतो. २००७ मध्ये लस्टिग वगैरेंनी कमी ओळींतून चित्र काढायची आणखी एक रीत मांडली, ओळी मुद्दाम अस्ताव्यस्त वगळायच्या. तिचा फायदा लहान मुलांच्या स्कॅनला फार झाला, कारण तिथे भूल देण्याचा प्रश्न असतो.

मग पाऊण तास का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हिशोब करा. जुन्या पद्धतीने एका टी-टू सिक्वेन्सला (सिक्वेन्स म्हणजे स्कॅनमधली चित्रांची एक फेरी, टी-टू हा तिचा एक नेहमीचा प्रकार) २५६ ओळी, दर ओळीला अडीच सेकंद, झाली साडेदहा मिनिटं. १९८६ मध्ये जर्मनीच्या हेनिगने एका दमात अनेक ओळी उचलायची युक्ती काढली, सोळा उचलल्या तर तेच काम ४० सेकंदांत. वाचलेला वेळ आम्ही परत तुम्हाला दिला नाही हे खरंय, तो गेला जास्त बारीक चित्रात, जास्त सिक्वेन्समध्ये आणि स्क्रूवाल्या केसमध्ये वरच्या त्या इलाजात. आणि कंबर दुखणारा माणूस चार मिनिटांनी हलतोच, त्यात त्याचा दोष नाही, मग मोशन आलं, म्हणजे हलल्यामुळे चित्र बिघडलं, की तो सिक्वेन्स परत पहिल्यापासून. शिवाय ३ टेस्लावर रेडिओ लहरींची उष्णता साधारण चौपट, त्यामुळे मर्यादा गाठली की मशीन स्वतःच ब्रेक लावतं. तेव्हा टेस्ला दुप्पट म्हणून वेळ निम्मा असं काही नसतं.

मॅग्नेटला मी कमी लेखत नाही हां. टेस्ला दुप्पट झाला की सिग्नल जवळपास दुप्पट, मेंदूतल्या बारीक गोष्टींना ३ टेस्ला छानच. पण मॅग्नेटमधली मला आवडलेली सुधारणा वेगळी आहे. मॅग्नेटमधली नायोबियम-टायटॅनियमची तार विरोधाशिवाय वीज वाहून न्यावी म्हणून उणे २६९ अंशांवर ठेवायला दीडेक हजार लिटर हेलियम लागायचं, आता फिलिप्सचं १.५ टेस्लाचं मशीन सात लिटर सीलबंद हेलियमवर चालतं. आणि टेस्ला हेच सगळं असतं तर सीमेन्सने अलीकडे ०.५५ टेस्लाचं नवं मशीन कशाला आणलं असतं? नव्या कॉइल आणि नव्या गणितावर कमी टेस्लाही पुरतो, आणि धातूचा त्रासही कमी.

‘हे सगळं परदेशातलंच’ या टोमण्याचं म्हणाल तर पवईतली समीर ही सरकारी संस्था इतर संस्थांना घेऊन १.५ टेस्लाचं देशी मशीन बनवतेय. त्यावर सविस्तर कधीतरी.

आईंचा स्कॅन परत करायची वेळ आलीच तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की कमरेत स्क्रू आहेत, ऑपरेशनचा कागद बरोबर ठेवा, स्टील की टायटॅनियम ते त्यावर असतं, टायटॅनियम असेल तर चित्र बरंच बरं येतं. आणि ‘किती टेस्ला?’ च्या आधी ‘मेटलचा सिक्वेन्स (सेमॅक, मॅव्हरिकसारखा) आहे का?’ हे विचारा. १.५ वर तो असला तर तिथेच जा, बिलही कमी येईल.