रॅगडॉल मांजराला दुखतं, आणि ते सांगत नाही म्हणूनच जास्त लक्ष द्यावं लागतं

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मलाही चार-पाच जणांनी पाठवला कारण आमच्याकडे रॅगडॉल बोका आहे. त्यात लिहिलंय की रॅगडॉल ही सगळ्यात शांत मांजर, तिला वेदना जाणवतच नाहीत, म्हणून तर उचलली की कापडी बाहुलीसारखी लोंबकळते, लहान मुलांनी कसंही हाताळलं तरी चालतं, केसांचा गुंता होत नाही, ॲलर्जी होत नाही आणि दिवसभर एकटी ठेवली तरी तिला काही वाटत नाही. यातलं शांत असणं खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू, कारण यातल्या काही गोष्टी मांजराच्या जिवावर बेतू शकतात.

सगळ्यात आधी वेदनेचं. ही गोष्ट मुळात पसरली कुठून तर कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमधून. १९६० च्या दशकात तिथे ॲन बेकर नावाच्या ब्रीडर, म्हणजे मांजरांची पैदास करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या ओळखीत जोसेफिन नावाची पांढरी, लांब केसांची मांजरी होती. तिला गाडीची धडक बसली, ती वाचली, आणि त्यानंतर झालेली तिची पिल्लं फार मवाळ निघाली. त्यावरून बेकरबाई सांगायला लागल्या की अपघातानंतर मांजरीत बदल झाला, तिला दुखणं जाणवेनासं झालं आणि तेच पिल्लांत उतरलं. आता आईचा पाय मोडला म्हणून पोर लंगडं जन्माला येत नाही ना, तसंच आहे हे. अपघाताने जीन्स बदलत नाहीत. मवाळ मांजरं निवडून त्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या केली की स्वभाव मवाळ होतो, याला दुसरं कुठलंही कारण लागत नाही. नसा, मेंदू, दुखणं सगळं इतर मांजरांसारखंच असतं.

आणि मांजर दुखणं लपवतं, ही खरी अडचण. आमचा भुऱ्या सहा वर्षांचा होता तेव्हा खाणं तसं चालू होतं पण मान एका बाजूला तिरकी करून खायचा, एखादा दाणा तोंडातून खाली पडायचा, तो पुन्हा उचलायचा नाही. पाठीवरची फर चिकट दिसायला लागली कारण स्वतःला चाटणंच कमी केलं होतं. घरात सगळे म्हणत होते तो पहिल्यापासून शांतच आहे, आणि ज्यांच्याकडून त्याला आणला त्यांनीही 'या जातीला दुखत नाही' असंच सांगितलं होतं, म्हणून आम्ही तीन आठवडे घालवले, ते मला अजून टोचतात. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, भूल देऊन दातांचा एक्स-रे काढला तर दोन दातांची मुळं आतून विरघळत चालली होती, मांजरांत हे बऱ्यापैकी आढळतं. दात काढले आणि आठवडाभरात हा बोका पॅसेजमधून धावायला लागला, जे त्याने कित्येक दिवसांत केलं नव्हतं. तेव्हा कळलं की आम्ही ज्याला स्वभाव समजत होतो ते दुखणं होतं.

मांजराचा चेहरा बघून वेदना ओळखायची एक पद्धत मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये मांडली, त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाजूला झुकलेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. हे घरी रोज बघता येतं. आणि घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे असंही धरू नका, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

आता लोंबकळणं. काही रॅगडॉल उचलल्यावर अंग सैल सोडतात, काही नाही सोडत, भुऱ्या तर फक्त माझ्याकडेच सोडतो, अनोळखी माणसाने उचललं की ताठ होतो. सैल सोडणं हा विश्वास आहे. या जातीचे बोके साधारण साडेपाच ते नऊ किलोपर्यंत भरतात, एवढं वजन काखेत धरून लोंबकळवलं तर सगळा भार खांद्यांवर आणि छातीवर येतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, असंच उचलायचं. आणि लहान मुलांना उभ्याने उचलू देऊ नका, आधी खाली बसायला सांगा.

गुंता होत नाही हेही अर्धवट. खालची दाट फर कमी असते म्हणून पर्शियन मांजरापेक्षा गाठी कमी होतात, पण काखेत, कानामागे आणि मागच्या पायांच्या आत होतातच, आणि एकदा गाठ घट्ट झाली की प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. आठवड्यातून दोन-तीनदा कंगवा फिरवा, झालं. गाठ कात्रीने कापू नका, मांजराची कातडी पातळ असते, कापली जाते.

ॲलर्जीचं लगेच सांगून टाकते. ती केसांमुळे होत नाही, थुंकी आणि कातडीतल्या प्रोटीनमुळे होते, आणि ते रॅगडॉलमध्येही असतंच.

एकटं ठेवण्याबद्दल मात्र मला राग येतो. ही मांजरं माणसाच्या मागे खोलीखोलीत फिरतात, दाराशी वाट बघतात. ओरडत नाहीत म्हणून करमत असतं असं नाही. कंटाळलेलं रॅगडॉल बरेचदा नुसतं झोपून राहतं आणि जाड होतं. रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस घेऊन खेळवा, शेवटी त्याला ते पकडू द्या आणि मग खायला द्या.

त्या मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट तर सगळ्यात महत्त्वाची आहे, हृदय. रॅगडॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आनुवंशिक असू शकतो, त्याचा या जातीतला जीनमधला बदल २००७ मध्ये सापडला आणि गालाच्या आतून स्वॅब घेऊन त्याची टेस्ट होते. आईबाप दोघांकडून तो आला तर धोका फार वाढतो. टेस्ट चांगली आली तरी व्हेट सांगतील तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, कारण सगळ्याच केसेस त्या एका बदलामुळे होत नाहीत. घरी झोपेत श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या वर सतत जायला लागला तर व्हेटला फोन करा, आणि तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर थेट घेऊन निघा.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आईबाप दोघांचे रिपोर्ट मागा, आणि समोरचा 'याला दुखत नाही' म्हणाला तर पिल्लू कितीही गोड असो, तिथून घेऊ नका.